रायफलीचा घाम

शनिवारी संध्याकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना तौनो केम्पाइनेन तिसऱ्या मजल्यावरून खाली निघाला. एका काखेत टॉवेल, दुसऱ्या काखेत चादरीत गुंडाळलेलं, माणसाच्या छातीइतक्या उंचीचं काहीतरी. आमच्या इमारतीचा सौना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची खोली, तळघरात आहे आणि तळघराची वाट इमारतीचा सचिव रायमो हैकुरा याच्या दारावरून जाते. इमारत बांधणाऱ्यानं ती तशी काढली, की रायमोनं घर घेतानाच ते बघून घेतलं, यावर आमच्यात मतभेद आहेत.

रायमो दारातच उभा होता.

"हे काय?"

"ब्रश."

"कसला?"

"पाठ घासायचा."

रायमोनं ती गुंडाळी वरपासून खालपर्यंत न्याहाळली. त्याला बराच वेळ लागला. "घोड्याची पाठ घासणारेस का?"

तौनोनं यावर विचार केला. "माझीच आहे," तो म्हणाला. "पण मोठी आहे." आणि खाली गेला.

तौनोच्या मानानं हे व्याख्यानच झालं. फेब्रुवारीपासून तो एका दमात इतकं बोलला नव्हता. फेब्रुवारीत उंतो हुत्तुनेन गेला.

उंतो आणि तौनो या दोघांनी सव्वीस वर्षं एकत्र सौना घेतला. इमारतीत प्रत्येक घराला आठवड्यातून अर्धा तास मिळतो. शनिवारी सहा ते साडेसहा उंतोचा, साडेसहा ते सात तौनोचा. दोघांनी ते दोन अर्धे जोडून एक तास केला होता. सव्वीस वर्षांत त्यांचं एकदाही भांडण झालं नाही, कारण भांडायला लागतात तेवढे शब्द दोघांत मिळून नव्हते. तापल्या दगडांवर पहिलं ओगराळं पाणी पडलं, वाफ वर आली, की उंतो म्हणायचा, "आज वाफ बरी आहे." तौनो म्हणायचा, "हं." झालं. पुढच्या शनिवारपर्यंत पुरायचं.

उंतो गेल्यावर तौनोकडे नुसता 'हं' उरला. तो कशावर म्हणायचा ते त्याला कळेना. तासभर तो वरच्या फळीवर एकटा बसायचा. उंतोच्या बाजूला सव्वीस वर्षांच्या बैठकीनं लाकडाला एक खोलगट बशी पडली होती. तिच्यात वाफेचं पाणी साचायचं, आणि तौनो ते अधूनमधून पंज्यानं पुसायचा.

आता त्या गुंडाळीचं. मागच्या शरदात लष्करानं जुन्या कोठारातल्या रायफली विकायला काढल्या, तेव्हा या दोघांनी मिळून एक घेतली होती. बेचाळीस सालची. बनवली, ग्रीसमध्ये बुडवली, खोक्यात घातली आणि विसरून गेले, अशी. युद्ध संपलं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. परवाना तौनोच्या नावावर, कारण अर्जातल्या 'कशासाठी हवी' या ओळीत काय लिहावं ते उंतोला सुचेना. तौनोनं लिहिलं, 'नेम धरायला.' पोलिसांनी तीनदा वाचलं आणि शिक्का मारला.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आमच्या गावच्या नेमबाजी मंडळाचा जोडीचा सामना असतो. जुन्या लष्करी रायफली, जोडीला एक रायफल, दोघांना दोन निशाणं, प्रत्येकी दहा गोळ्या. उंतो आणि तौनो सव्वीस वर्षं मंडळाच्या एका खिळखिळ्या रायफलीवर मारत आले. जिंकले कधीच नाहीत. पण आपसात मात्र दर वर्षी उंतो पुढे. दोन गुणांनी, तीन गुणांनी, एकदा अर्ध्या गुणानं, जो कुठून आला ते गुण मांडणाऱ्या रायमोलाही सांगता आलं नाही. तौनोचा आजवरचा उच्चांक अठ्ठ्याऐंशी. आता स्वतःची रायफल, म्हणजे या वर्षी बघतोच तुला, असं तौनो मनात म्हणाला होता. उंतोनं ते ऐकलं असावं. म्हणून आधीच निघून गेला.

तौनोनं मे महिन्यात एकट्यानं कामाला हात घातला. रायफल उघडली. लोखंडाचं सोपं होतं. नळी, बोल्ट, स्प्रिंगा रॉकेलमध्ये बुडवल्या, जुन्या बनियनच्या चिंध्यांनी पुसल्या आणि परवान्यात सांगितल्याप्रमाणे लोखंडी कपाटात कुलूपबंद केल्या. खरी पंचाईत लाकडी दस्त्याची. साठ वर्षं त्यानं ग्रीस प्यायलं होतं. वरून कितीही पुसा, तासाभरात पुन्हा घामेजून चिकट. लाकूड तापवल्याशिवाय आतलं ग्रीस सुटत नाही, हे रायफली जपणारा कुणीही सांगेल. इतर देशांत लोक त्यासाठी उन्हात ठेवतात म्हणे. आमच्याकडे उन्हाळा बहुधा एखाद्या गुरुवारी येतो, आणि त्या वर्षी सगळ्या गुरुवारी पाऊस होता.

मग तापतं असं दुसरं काय आहे?

आमच्या लोकांचा जन्म पूर्वी सौनात व्हायचा, मेल्यावर आंघोळ तिथंच घालायचे, मधल्या काळात हॅमही तिथंच धुरावर टांगायचे. रायफलीनं काय घोडं मारलं होतं?

त्या शनिवारी तौनोनं चादर सोडली आणि दस्ता वरच्या फळीवर उभा केला. कुठं ठेवायचा याचा त्यानं विचार केला नाही. दस्त्याचं रुंद बूड उंतोच्या बशीत नेमकं बसलं. मग तौनो आपल्या जागी बसला, ओगराळं उचललं, दगडांवर पाणी टाकलं. नव्वद अंश झाले. थोड्या वेळानं दस्त्याला घाम फुटला. आधी बारीक थेंब, मग ओघळ, तपकिरी, दाट, जुन्या आगगाडीच्या इंजिनाच्या वासाचा. तौनो वर्तमानपत्रानं पुसत राहिला.

"तुला बरंच गरम होतंय," तो म्हणाला.

मग त्याला वाटलं, आपण लाकडाशी बोलतोय. मग वाटलं, आधी तरी काय वेगळं होतं.

दस्ता त्यानं पुसला, पण फळी पुसायची राहिली. आणि सात ते साडेसात ही वेळ लेम्पीबाईंची होती.

लेम्पीबाई ब्याऐंशी वर्षांच्या. गावच्या शाळेत चाळीस वर्षं स्वयंपाकीण. इमारतीतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांना त्यांनी लहानपणी वाटाण्याचं सूप वाढलेलं, त्यामुळे त्या सगळ्यांना अरेतुरे करत. त्या वरच्या फळीवर बसल्या, त्या नेमक्या बशीत, कारण पाठीला तिथंच टेकायला बरं. साडेसातला बाहेर पडल्या तर बसायच्या कापडावर एक तपकिरी चट्टा, आणि उजव्या गुडघ्यावर, जिथं हात टेकला होता तिथं, दुसरा.

सोमवारी जिन्यातल्या फलकावर चिठ्ठी लागली. आमच्या इमारतीत तोंडावर कुणी काही बोलत नाही, त्यासाठी फलक आहे. 'सौनाच्या वरच्या फळीला काय झालं आहे? सही: ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.' खाली कुणीतरी लिहिलं, 'पाइप गळतोय.' त्याच्याखाली, 'वासावरून डांबर वाटतं.' त्याच्याखाली रायमोची सही आणि शिक्का, 'चौकशी चालू आहे.'

मंगळवारी लेम्पीबाई तिसऱ्या मजल्यावर तौनोला भेटल्या. त्या राहत दुसऱ्यावर. तौनोनं त्यांच्याकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं.

"काय बघतोस? चढून आले," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षांत पहिल्यांदा. गुडघा हूं का चूं करत नाही. सौनात काय टाकतोस रे तू?"

"पाणी," तौनो म्हणाला.

"डांबर टाकतोस, पाइनच्या झाडाचं. लपवू नकोस. माझी आजी टाकायची."

आमच्याकडे एक म्हण आहे. दारू, डांबर आणि सौना यांनी जो बरा होत नाही, तो मरायलाच टेकलेला असतो. त्यातलं दारू आणि सौना आमच्या इमारतीत होतंच. डांबराची तेवढी उणीव होती. बुधवारपर्यंत चारी मजल्यांवर बातमी. तौनो केम्पाइनेनला खऱ्या पाइनच्या डांबराचा जुना नुस्खा सापडलाय आणि तो एकटाच वापरतोय.

तौनोनं खरं सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर सुरुवात कुठून करायची? रायफलीपासून? मग उंतोचं नाव येणार. त्यापेक्षा गप्प बसणं सोपं, आणि त्यात त्याचा हात कुणी धरला नसता. शिवाय एका शनिवारात साठ वर्षांचं ग्रीस निघत नाही. दुसऱ्या शनिवारी तो पुन्हा दस्ता घेऊन गेला. तिसऱ्या शनिवारीही.

दुसऱ्या शनिवारी सात वाजता लेम्पीबाईंबरोबर त्यांच्या तीन मैत्रिणी आल्या. तिसऱ्या शनिवारी तळघरात रांग. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी फळीवरचा ओघळ बोटानं टिपून टकलाला चोळला आणि आठवड्यानं त्यांना तीन केस आले. मी स्वतः मोजले. त्यातला एक भुवईचा असावा, असं माझं मत होतं, पण मला कुणी विचारलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंच्या कुत्र्याचा खोकला गेला. कुत्रा सौनात गेला नव्हता. बाई जाऊन आल्या होत्या, तेवढं पुरलं.

आणि दर शनिवारी रायमो दारात.

"अजून पाठ घासून झाली नाही?"

"होतेय."

"तीन आठवडे?"

"जुनी आहे."

जूनच्या अखेरीस रायमोनं इमारतीची सभा बोलावली. रायमोकडे एकच जाड वही होती. पुढून उघडली की इमारतीच्या याद्या, मागून उघडली की नेमबाजी मंडळाच्या, कारण दोन्हीकडचा सचिव तोच. बायको ओउलू शहरात बहिणीकडे पंधरा दिवसांसाठी म्हणून गेली त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून त्याच्याजवळ वहीच होती. तीत तो लाल पेन्सिलीनं आणि लाकडी पट्टीनं नावं खोडत असे. हातानं सरळ रेघ येत असूनही पट्टी लावत असे.

सभेला वेलचीचा गोड पाव आणि कॉफी असल्यामुळे सगळे आले.

"पहिला विषय, फळी," रायमो म्हणाला. "अर्ज अकरा आलेत. सगळ्यांना शनिवारी सातचीच वेळ हवी. ते शक्य नाही. त्यावर एक सूचना आली आहे."

सूचना टकलाच्या गृहस्थांची होती. "फळीच्या त्या डाव्या भागात औषध मुरलंय," ते म्हणाले. "तेवढा तुकडा करवतीनं कापायचा, अकरा भाग करायचे, आणि घरोघरी वाटायचे. ज्यानं त्यानं आपल्या वेळेला घेऊन जायचं, त्यावर बसायचं, परत न्यायचं. भांडण नको, तंटा नको."

"उत्तम," चार-पाच जण म्हणाले.

"मला मधला तुकडा," लेम्पीबाई म्हणाल्या. "खोलगट आहे तो."

तौनोचा कप बशीवर वाजला. तो उभा राहिला. आमच्या सभेत तौनो उभा राहिल्याची नोंद नव्हती, त्यामुळे रायमोनं घाईघाईनं नवीन पान काढलं.

"ते डांबर नाही," तौनो म्हणाला.

तो बाहेर गेला. वर गेला. खाली आला. कॉफीच्या टेबलावर त्यानं चादर सोडली. आत दस्ता होता. आता जवळजवळ कोरडा, मधाच्या रंगाचा, बर्चच्या लाकडाच्या लाटा दिसायला लागलेल्या. फार देखणा दिसत होता. पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"ग्रीस आहे," तौनो म्हणाला. "बंदुकीचं. बेचाळीस सालचं."

टकलाच्या गृहस्थांचा हात हळूच डोक्यावर गेला आणि तिथंच थांबला. चौथ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "तरी म्हटलं, पहाटे कुत्रा पुन्हा का खोकला." पुढच्या दोन मिनिटांत खोलीतल्या सगळ्या पाठी, कंबरा आणि खांदे पहिल्यासारखे दुखू लागले. इतका जलद परिणाम तर औषधाचाही झाला नव्हता.

लेम्पीबाई तेवढ्या शांत. "ग्रीस तर ग्रीस," त्या म्हणाल्या. "गुडघा गंजलाच होता. रायमो, त्याला ओरडू नकोस. तुला मी सूप वाढलंय."

"ओरडत नाही," रायमो म्हणाला. "नियम बघतोय." त्यानं नियमावली काढली. "सौनात करू नये अशा गोष्टी. गालिचे वाळवणं. मासे धुरावर धरणं. सॉसेज भाजणं. सायकल धुणं." तो पान उलटून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागला. "बंदुकीचं नाव नाही."

"घाला मग," कुणीतरी म्हणालं.

"घालतो. आजपासून. आणि केम्पाइनेननं फळी रंध्यानं तासून स्वच्छ करून द्यावी. आता दुसरा विषय." त्यानं घसा साफ केला. "हुत्तुनेनचा अर्धा तास. चार महिने झाले. वाट बघणारी तीन घरं आहेत."

तौनो अजून उभाच होता. त्याला बसायचं सुचलं नव्हतं.

"नाव राहू दे," तो म्हणाला.

"कशासाठी?"

तौनोनं विचार केला. पोलिसांच्या अर्जापेक्षा हा प्रश्न अवघड होता. "त्याचीच जागा आहे," तो शेवटी म्हणाला.

रायमोनं वहीकडे पाहिलं. "त्याचं नाव दोन याद्यांत आहे," तो म्हणाला. "पुढून सौनाच्या, मागून सामन्याच्या. सामन्याची यादी जानेवारीत छापली गेली. छापलेल्या यादीत मधेच खोडता येत नाही. सामना झाला की 'आला नाही' असं लिहीन, आणि मग दोन्हीकडून एकदमच खोडीन. दोनदा पट्टी काढायला नको." इतरांना हे पटलं. तौनोला ऑगस्टपर्यंतची मुदत मिळाली.

फळी त्यानं जुलैत तासली. सगळी फळी गुळगुळीत, पांढरी झाली. उंतोच्या बशीत मात्र रंधा गेला नाही. तिथं त्यानं बारीक काचपेपर घेतला आणि बोटानं घासत बसला, म्हणजे डाग निघेल पण खळगा राहील.

दस्ता जवसाच्या तेलानं चोळून झाला, नळी चढली, स्क्रू आवळले. रायफल उभी राहिली. दाखवायला कुणी नव्हतं. तौनोनं ती थोडा वेळ स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या खुर्चीला टेकवून ठेवली, स्वतः राईचा पाव आणि लोणी खाल्लं, आणि मग ती कपाटात ठेवून कुलूप लावलं.

सामन्याच्या दिवशी चांदमारीच्या मैदानावर धुकं होतं. ते अकरापर्यंत उठलं. लेम्पीबाई कॉफीच्या टेबलामागे, सूप ढवळत. रायमो टेबलापाशी, समोर वही, वहीवर पट्टी, पट्टीवर लाल पेन्सिल. हाताशी फोन, त्याची तार दीडशे मीटरवरच्या खंदकात गेलेली. तिथं निशाणांखाली बसलेले लोक भोकं बघून सांगायचे.

यादीत होतं म्हणून सहा आणि सात या दोन्ही नंबरांवर गवतात चटया घातल्या होत्या. दोन्ही निशाणं वर होती.

"सात नंबर, हुत्तुनेन," रायमोनं पुकारलं. नियमाप्रमाणे तीनदा पुकारावं लागतं. सगळे कॉफीच्या कपात बघत राहिले. "सात नंबर, हुत्तुनेन." तौनो टोपी काढून उभा. "सात नंबर, हुत्तुनेन." तिसऱ्या हाकेला तळ्यावरून एक पाणपक्षी ओरडला. रायमोनं ते उत्तर धरलं नाही.

"सहा नंबर, केम्पाइनेन."

"आहे."

"जोडीला वीस मिनिटं. सुरू."

तौनो सहाच्या चटईवर पालथा पडला. शेजारची चटई रिकामी. त्यानं दस्ता गालाला लावला. लाकडाला अजून सौनाचा वास होता. बराच वेळ तो नुसता पडून राहिला. मग पहिली गोळी सुटली.

फोन वाजला. रायमोनं उचलला. "बोला. सहा?"

"सहा कोरा," पलीकडून आवाज आला.

रायमोनं सहासमोर शून्य लिहिलं. दुसरी गोळी.

"सहा कोरा. पण सातवर दोन आहेत. एक नऊ, एक दहा. सातवर कोण आहे?"

"हुत्तुनेन."

"तो तर मेला ना?"

"हो."

"मग तब्येत चांगली आहे त्याची," आवाज म्हणाला.

रायमो उठून तौनोपाशी आला. "तौनो, तू सातवर मारतोयस."

"दस्ता उजवीकडे ओढतोय."

"मग डावीकडे धर."

"धरलंय."

"आणखी धर."

"आणखी धरलंय." आणि तिसरी गोळी सुटली.

फोन वाजत राहिला. सहा कोरा, सातवर नऊ. सहा कोरा, सातवर आठ. कॉफीच्या टेबलाशी कुणी हसेना. सूप उतू जायला लागलं तरी लेम्पीबाई ढवळायच्या थांबल्या होत्या. दहावी गोळी झाली तेव्हा अकरा मिनिटंच झाली होती. तौनो उठला, गुडघ्यावरचं गवत झटकलं.

"सहा, केम्पाइनेन, शून्य," रायमो वाचत गेला. "सात, हुत्तुनेन," तो थांबला. बेरीज दोनदा केली. "एक्क्याण्णव."

तौनोनं आयुष्यात असा नेम मारला नव्हता. आणि मारला तोही उंतोच्या खात्यात. पुन्हा तीच गत. उंतो पुढे, आणि या वेळी थोडाथोडका नाही.

"हे असं चालतं का?" टकलाच्या गृहस्थांनी विचारलं.

"भोक ज्याच्या निशाणात, गुण त्याचे," रायमो म्हणाला. "कुणी पाडलं यासाठी रकाना नाही. पण हत्यार सदोष असल्याची तक्रार आली आहे. सचिवानं तपासलं पाहिजे." त्यानं हात पुढं केला. "दे."

तौनोनं रायफल दिली. द्यायला जरा वेळ लावला. रायमोनं मंडळाच्या तीन गोळ्या भरल्या, सहाच्या चटईवर पडला, चष्मा पुसला आणि सरळ सहावर नेम धरून एकामागून एक तिन्ही सोडल्या. डावीकडे नाही, उजवीकडे नाही.

फोन वाजला. रायमो चटईवरून उठला, टेबलापाशी गेला, पाठ आमच्याकडे करून त्यानं फोन कानाला लावला. खंदकातल्या माणसाचा आवाज मोठा होता. माझे कान या वयातही बरे आहेत.

"सहावर तीन," आवाज म्हणाला. "तिन्ही मधोमध. एका बशीखाली झाकतील."

रायमोनं फोन ठेवला. तौनो आपल्या बुटांकडे पाहत होता.

"उजवीकडे ओढतोय," रायमो म्हणाला. "फार ओढतोय. लाकूड वाकलंय सौनात." त्यानं वही उघडली. "कागदावर तसं लिहितो."

त्यानं शिक्क्यांची पेटी काढली. त्यात दोन शिक्के होते, 'आला' आणि 'आला नाही'. दोन्ही उलटून बघितले. मग सातसमोर एक शिक्का उठवला, त्यावर फुंकर मारली, आणि लाल पेन्सिल व पट्टी न वापरताच वही मिटली.

"सूप घ्या रे," लेम्पीबाई म्हणाल्या. "करपायच्या आत."

एक सप्टेंबरला सौनाच्या दारावर नवीन यादी लागली. शनिवार, सहा ते साडेसहा, हुत्तुनेन. साडेसहा ते सात, केम्पाइनेन. खाली एक नवा नियम होता, बंदुकांबद्दलचा. त्याच्याखाली आणखी एक, बारीक अक्षरात. 'वरच्या फळीत ग्रीस पुन्हा उमटते का, याची पाहणी दर शनिवारी सचिव करतील.'

त्या शनिवारी तौनो सहा वाजता खाली गेला. काखेत फक्त टॉवेल. रायमोच्या दारात कुणी नव्हतं. सौनात रायमो होता. खालच्या फळीवर, उघडाबंब, गुडघ्यावर वही ठेवून बसलेला. वाफेनं तिची पानं फुगायला लागली होती.

"पाहणी," तो म्हणाला.

तौनो वर जाऊन आपल्या जागी बसला. उंतोच्या बशीत पाणी साचलं होतं, ते त्यानं पंज्यानं पुसलं. मग एक ओगराळं पाणी दगडांवर टाकलं, आणि थोडं थांबून आणखी एक. दगड फुसफुसले. वाफ छतापर्यंत गेली आणि हळूहळू दोघांच्या पाठींवर उतरली.

मग खालून रायमो म्हणाला, "वाफ नियमाप्रमाणे आहे."

तौनोनं शेजारच्या रिकाम्या खळग्याकडे पाहिलं.

"हं," तो म्हणाला.

पाहणी अजून पूर्ण झालेली नाही. पुढच्या शनिवारीही आहे.